सासऱ्यांच्या हातच्या अक्षता

आमचं लगीन पालमला झालं. माझा मावसभाऊ तेव्हा हैदराबादला नोकरीला होता. त्यानं कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला आणि लग्नाची फिल्म काढली. ती रीळ बिस्किटाच्या डब्यात तशीच पडून राहिली. दाखवायचं मशीन आमच्याकडं कधी आलंच न्हाई.

सासरे लग्नानंतर वर्षाच्या आत गेले. त्यांचा एकही फोटो न्हाई. परवा बायको म्हणाली, "मला आता कमी दिसायलंय. डोळे हायेत तवर बापाला एकदा बघू द्या."

परभणीत एक बाई जुन्या फिल्मा कॉम्प्युटरवर घेऊन देतात असं कळलं. पाथरीहून एसटीनं गेलो. त्यांनी रीळ दिव्यापुढं धरली. "काका, पुसली तर न्हाई ना?"

"भांडं हाय का पुसायला?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "फिल्मच्या पाठीवरचे ओरखडे लपवता येतेत. पण चित्राची बाजू बुरशीनं खाल्लीय. हे पांढरे ठिपके कॉम्प्युटरकडून काढून घेते."

"काढा की. एकदम साफ करा."

फिल्म सुनेच्या मोबाइलवर आली. काचेसारखी साफ. मी लय खूश. सासरे दिसले, फेटा बांधलेले, हात उचललेला. बायको मोबाइल डोळ्याला लावून बसली आणि म्हणाली, "बाप रिकामाच हात हलवायलाय."

परत लावली. खरंच. सगळा मांडव हात उडवायलाय आणि अक्षतेच्या ज्वारीचा एक दाणा पडंना.

मी पुन्हा परभणी गाठली. बाई म्हणाल्या, "लोक डाग राहिले म्हणून भांडतेत, तुमी डाग गेले म्हणून आलात."

"डाग न्हाईत, अक्षता हायेत. अक्षतेशिवाय लगीन लागतं का? मग आमी इतकी वर्षं बिनलग्नाचेच राहिलो म्हणा."

त्यांनी मूळ फिल्म लावली, बघितली आणि घोळ सांगितला. एका चित्रात पांढरं काही दिसलं आणि पुढच्यात त्या जागी न्हाई, की कॉम्प्युटर त्याला घाण समजतो. पडती अक्षता एका जागी थांबती कशाला? मग आमी दोघं शेजारी बसलो. एकेक चित्र बघायचं. हातापासून खाली सरकत गेला तो दाणा, बाकी बुरशी. बुरशी त्या कॉम्प्युटरवर हातानं पुसायच्या. त्यांचा जेवणाचा डबा तसाच राहिला.

"ह्याचं काय करू? कळंना," त्या एका ठिपक्यावर थांबल्या.

"ज्याचा भरवसा न्हाई, तो राहू द्या."

मी कुणाचे उपकार घेत न्हाई, आभार मानायची तर सवयच न्हाई. पण उठताना त्या बाईंना दोन्ही हात जोडले, आणि अजून आठवण झाली की जोडतो.

घरी बायकोनं बघितलं. सासऱ्यांनी हात उचलला, अक्षता पडल्या. चेहऱ्यावरून एक ओरखडा गेला, तिला त्याचं काही न्हाई.

"बघा, एक माझ्या पदरावर पडली. दिसली का?"

तो ठिपका मला बुरशीचाच वाटला.

"दिसली," मी म्हणालो.