राजाची उडी

आबा, म्हणजे माझे वडील, बुद्धिबळ शिकले ते धरणगावकडच्या आमच्या गावी, कापसाच्या जिनिंग गिरणीच्या ओट्यावर. तिथल्या देशी डावात राजाला अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारून निसटता येतं. मी शिकले मोबाइलवर. जळगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की 'तीन खेळीत मात करा' असली कोडी सोडवत बसते. माझ्या बुद्धिबळात राजाला उडीबिडी काही नाही.

रविवारी मी आबांकडे जायची, कुणा नामी खेळाडूचा एखादा जबरदस्त हल्ल्याचा डाव घेऊन. आईने शिवलेल्या कापडी पटावर एकेक खेळी मांडायची. घोडा दिला, हत्ती दिला, मग चक्क वजीर! आबा मांडीवर थाप मारायचे. "वजीर दी टाका? काय काळीज शे याले!"

आणि मात झाली की शांतपणे राजा उचलून अडीच घरं पलीकडे ठेवायचे. "मात कोठे व्हयनी? उडी बाकी शे ना!"

डोकंच फिरायचं माझं. एवढा सुंदर डाव आणि त्याचं असं वाटोळं! "आबा, जगात कोणी असं खेळत नाही हो!"

"मंग जगले शिकाड."

एकदा मी रागाने पट गुंडाळला आणि निघून आले. पुढचे दोन रविवार गेलेच नाही. आजही त्याची लाज वाटते.

तिसऱ्या रविवारआधीच भावाचा फोन आला. मागे एकदा झटका आला तेव्हा गोळ्यांवर भागलं होतं; आता आबांच्या छातीत पुन्हा दुखलं होतं, त्यांना धुळ्याला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर वाचतील. आबा नाहीच म्हणत होते. भावाने हात जोडले, आई रडली. आबांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

मी कॉटवर त्यांच्याजवळ बसले. "आबा, उडी बाकी आहे ना?"

ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "पोरी, मांगला झटका उना तव्हयच उडी मारी लिनी मी."

मी आयुष्यभर नियमासाठी भांडलेली बाई. पण त्या दिवशी बिनदिक्कत म्हटलं, "ती उडी नव्हती, आबा. तेव्हा गोळ्यांचं प्यादं मध्ये घातलं होतं. उडी अजून तशीच आहे."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं असणारच, त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात मला ते दिसलं. मग त्यांनी भावाकडे पेन मागितला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्यांना जरा बोलता येऊ लागलं. मी पाणी पाजायला वाकले, तर माझं मनगट धरून हळूच म्हणाले, "उडी सरनी बरं का आते. जपीसन खेळनं पडी."

"जपूनच खेळू, आबा," मी म्हटलं, आणि तोंड फिरवून मनसोक्त रडून घेतलं.