आठ पावलं गप्प

आमच्या घरात भूतबित मानायची सोयच नव्हती. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी देव्हारा, ताईत, अंगारे सगळं मोर्णा नदीत सोडलं. त्यानंतर कोणी नुसतं ‘नजर लागली’ म्हटलं तरी तासभर व्याख्यान ऐकावं लागे. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवणारी. या सदरातले अनुभव मी वाचते तेही खरं सांगायचं तर चुका काढायलाच. आणि आता स्वतःचाच लिहायला बसले आहे... हसा खुशाल.

माझा मोठा भाऊ, दादा, अकोल्यात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. त्या बँडची एक रीत होती. वरात दवाखान्याच्या फाटकापाशी आली की बाजा बंद. आत आजारी माणसं पडलेली, त्यांना त्रास नको. फाटक ओलांडेपर्यंत नुसती पावलं वाजायची. दादाच्या हिशेबाने आठ पावलं.

माझ्या लग्नात वाजवायला म्हणून त्याने स्वतःची एक धून बसवली होती. त्यात ते गप्प राहणंही घातलं — ओळ अर्ध्यात तोडायची, मनात आठ मोजायचे आणि नेमकी तिथूनच उचलायची. रोज संध्याकाळी नदीवर जाऊन तो ती घोटायचा. ऐकायला मी एकटी, बारा वर्षांची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी विचारलं, हे काय, दम संपला का तुझा? दोन दिवस बोलला नाही माझ्याशी!

मग दीक्षा झाली. बाबा म्हणाले, “आता कोणाच्या दारी बाजा वाजवाचा नाई.” दादाने वाद घातला नाही. क्लॅरोनेट आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलं आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. बाबांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारात मान खाली घालून वाजवत आल्या होत्या. पण त्यानंतर दादा शीळसुद्धा घालेना, आणि बापलेकाचं बोलणं ‘जेवण झालं का’ एवढ्यावर आलं. बासष्टला माझं लग्न झालं ते बिनबाजाचं. दादा पंगतीत पाणी वाढत होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

लग्नानंतर मी अमरावतीला आले. आमच्या खोलीखाली करीमचाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अडुसष्ट साली एका रविवारी सकाळी मी आमचा रेडिओ आणायला खाली गेले, तेव्हा चाचा तो शॉर्टवेव्हवर लावून बघत होते. जपानचं स्टेशन लागलं. एक बाई इंग्रजीत सांगत होत्या की अमुक एक बँड ज्यांनी कधी ऐकलेलं नाही, त्यांनी कुठून सुरुवात करावी... आम्ही सुचवतो ती पाच गाणी ऐका.

चार पोरं आणि गिटारी. गंमत अशी की एका गाण्याचं दुसऱ्याशी काही नातंच नाही! पहिलं धडाडधूम रॉक अँड रोल, दुसरं अंगाईसारखं हळू. चाचांचं मत पडलं की स्टेशनवाल्यांनी तबकड्यांची अदलाबदल केली. मला मात्र मजा वाटत होती.

तिसरं सुरू झालं... आणि गिटारवर दादाची धून आली.

मी स्वतःला समजावलं की शेवटी सूर सातच, सारखं येऊ शकतं एखादं. तेवढ्यात ओळ अर्ध्यात तुटली. मी आपोआप मोजायला लागले. आठ झाले, आणि गिटारीने नेमकी तिथूनच ओळ उचलली.

चाचांनी सवयीने रेडिओला थाप मारायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. त्यांनी रेडिओच्या हिरव्या डोळ्याकडे बोट दाखवलं. स्टेशन गेलं की तो डोळा उघडतो. तो सगळा वेळ मिटलेला होता. “स्टेशन गया नहीं, बाई,” ते म्हणाले. “ये लोग खुद चुप बैठे थे.”

मी त्या स्टेशनला पत्र लिहिलं. शाळेत प्रार्थनेला हार्मोनियम मीच वाजवते, त्यामुळे धून सारेगमत लिहून सोबत जोडली. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. एक डोंगराचं चित्र, टाइप केलेली गाण्यांची यादी, आणि खाली अतिशय नम्रपणे लिहिलेलं की तुमची धून या बँडच्या कोणत्याच गाण्यात नाही. तिसरं गाणं आम्ही घड्याळ लावून ऐकलं. ते कुठेही थांबत नाही.

सुट्टीत बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून मी अकोल्याला गेले. अंगणात दादाला सगळं सांगितलं, यादी दाखवली. तू ही धून कोणाला ऐकवली होतीस का, असं त्याने मला विचारलं आणि मी त्याला. दोघांचंही उत्तर ‘नाही’ असंच. बाबा बाजेवर पेपर वाचत होते. मला वाटत होतं, त्यांचं लक्ष नाही.

“ते पोट्टे कोणाच्या दारी वाजवतेत?” त्यांनी एकदम विचारलं.

मी म्हटलं, कोणाच्याच नाही. लोक तिकीट काढून त्यांच्यापुढे येऊन बसतात. आज एक तऱ्हा, उद्या दुसरी, मनाला येईल ते वाजवतात.

बाबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “काढ ते पेटीतून.”

बारा वर्षं पडून असलेलं क्लॅरोनेट आधी रेडकासारखं ओरडलं. दादा स्वतःच हसला. मग धून लागली. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. ओळ अर्ध्यात तुटली... आणि त्या शांततेत बाजेच्या लाकडावर टकटक ऐकू आली. बाबांचं बोट. आठ वेळा. नवव्याला दादाने ओळ उचलली.

जपानचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. योगायोग म्हणून झालं, कानांचा दोष म्हणून झालं. पण मग चाचांच्या कानांचं काय करू? आणि त्या हिरव्या डोळ्याचं? कोणाला उत्तर माहीत असेल तर जरूर कळवा, मी ऐकेन.

बाबांना आठ कसे माहीत, हे मात्र मी तिथंच विचारून घेतलं.

“नदीवर तुमच्या मांगं येऊन उभा राहत होतो,” ते म्हणाले. “रोज.”

दादाने क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं. “मंग सांगतलं काहून नाई, बाबा?”

“सांगतलं असतं,” बाबा म्हणाले, “तं तुले बंद कर म्हणता आलं नसतं मले.”