मी बंद पाडलेली बस

तेलंगणात तामसीकडं आमचं गाव; गावाची आदिलाबाद बस मी एकट्यानं बंद पाडली. तेही तोंडानं.

माझं शिक्षण तिसरी नापास, पण गल्लीत मोठा फोन माझ्याकडेच! सून संगीता गावच्या शाळेत मास्तरीण. शाळेत कॉम्प्युटर नाही, पोरांच्या घरी फोन नाही. म्हणून ती रोज संध्याकाळी पाच पोरं ओट्यावर बसवून माझ्याच फोनवर शिकवायची: माहिती कशी शोधायची, खरी-खोटी कशी ओळखायची. (हात धुतल्याशिवाय फोनला बोट लावायचं नाही, हा माझा कायदा!) बुधवारी आदिलाबादेत शिक्षणखात्याच्या साहेबांपुढं हे करून दाखवायचं होतं. काम पसंत पडलं तर शाळेला कॉम्प्युटर.

मंगळवारी सकाळी माझी बस चुकली. चूक चहावाल्याची, दुसरा कप त्यानंच दिला! पण माझ्यासारख्या माणसाची बस चुकते, हे गावाला कळू द्यायचं काय? गावाच्या ग्रुपवर खणखणीत बोलून टाकलं, "बस बंद झाली हो!"

दुपारी तीच खबर शेजारच्या भीमपूरहून परत आली, अंगावर मांस चढवून: "रस्ता फुटला, बस तीन दिवस बंद." संध्याकाळी तर तेलुगूत आली! किराणावाल्याकडून वाचून घेतली आणि मी हादरलोच. थाप मारली होती, निघाली खरी!

तसाच ओट्यावर आलो. "संगीता, उद्याचं जाणं रद्द कर."

"काऊन मामाजी?"

"बस बंद आहे. तेलुगूत आलं आहे!"

सूनबाईचं तोंड उतरलं. मयुरी नावाची टीचभर पोरगी मात्र उठली. "बाई, पयले कोण बोललं ते पाहू ना. तुमीच तं शिकवलं."

"काऊन वं, एवढे लोक खोटं बोलून राह्यले काय?" मी गरजलो.

तिनं हात धुतले आणि आधी डेपोत फोन लावला. बस चालू!

"डेपोवाल्याले काय माईत?"

तेवढ्यात संध्याकाळची बस धुरळा उडवत ओट्यासमोरून गेली.

"ते दुसरी असंल," मी म्हणालो.

मयुरी ग्रुपवर बोट सरकवत सकाळच्या निरोपांपर्यंत पोचली आणि पहिला निरोप वाजवला. "बस बंद झाली हो!"

"आजोबा, हा आवाज कोणाचा जी?"

"असंल कोणी सर्दीवाला."

सूनबाई पदर तोंडाला लावून घरात पळाली.

बुधवारी पोरं त्याच बसनं गेली आणि साहेबांपुढं माझाच निरोप उकलून दाखवला. साहेब पोट धरून हसले म्हणे. शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले. मग सूनबाईनं मोठ्या माणसांचा वर्ग काढला आणि यादीत पहिलं नाव माझं!

"मले काऊन?"

"मामाजी, तुमी एकटे शिकले तं भीमपूरपर्यंतचे सारे आपोआप सुधरतात."

गेलो मग. काय करता, एवढ्या लोकांची जबाबदारी माझ्या एकट्यावर!