उशीखालची गोळी

"तात्या, ते लघवीच्या गोळीचं इथं काढू नका. पोरगी हाय संगं."

आज लातूरला तपासणीसाठी माझ्याच डोळ्यांत थेंब घातले, समोरचं सगळं धूसर झालं आणि आजोबांच्या कानातली काकांची ती कुजबुज पुन्हा ऐकू आली.

तेव्हा आम्ही मुखेडहून आजोबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला आणलं होतं. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या वर, कपाळावर खुणेची चिकटपट्टी होती. सिस्टर विचारत होत्या, "लघवी अडते म्हणून घेतात ती गोळी चालू आहे का? तिच्यामुळं ऑपरेशनमध्ये बाहुली आकसते, डोळ्याला इजा होऊ शकते. डॉक्टरांना आधी माहीत पाहिजे."

"न्हाई बा. ठणठणीत हाय मी," आजोबा म्हणाले. बाकावरचे लोक हसले. काका पंख्याकडे बघत राहिले.

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. घरातल्या औषधांवरचं इंग्रजी मीच वाचून दाखवायचे. आजोबांच्या उशीखालचं पाकीट तेवढं मला कुणी दिलं नव्हतं, पण अंथरूण घालताना मी तेही वाचलं होतं. बोलले तर आजोबा पुन्हा माझ्याकडे बघणार नाहीत, असं वाटत होतं. आज वाटतं, आम्ही तिघंही एकमेकांची लाज राखत बसलो होतो, आणि डोळा मात्र एकट्या आजोबांचा जाणार होता.

सिस्टर दाराकडे वळल्या. मी उठले. आवाज फुटला तो भलताच मोठा.

"सिस्टर, चालू आहे गोळी. रोज रात्री घेतात. आणि आजोबा, मला केव्हाचं माहीत आहे."