सिस्टरचा मांडव

आमच्या सिस्टर कोणतंही काम सुरू करायच्या आधी जमिनीवर चादर अंथरायच्या, तिच्यावर सगळं सामान मांडायच्या आणि मोजायच्या. काम आटोपलं की पुन्हा मोजायच्या. तेरा खुंट्या काढल्या तर तेरा परत यायला पाहिजेत. एकदा बारा भरल्या, तर मला अर्धा तास गवत चाचपायला लावलं. "पेशंटच्या पोटात कात्री राह्यली तर आम्ही सोडून देत नव्हतो, भाऊ," असं म्हणाल्या. सेवाग्रामकडे दवाखान्यात त्यांची सारी नोकरी ऑपरेशनच्या खोलीत गेली होती. निवृत्त झाल्या, तरी त्या खोलीतून बाहेर आल्या नव्हत्या.

मी शाळा चौथीत सोडली. पण मांडव बांधण्यात बोरगाव मेघेपासून सेलूपर्यंत माझ्या तोडीचा माणूस नाही. हे लोक म्हणतात, मी फक्त नाही म्हणत नाही. तर एक दिवस सिस्टर माझ्या गोदामात आल्या. मी वही काढली आणि विचारलं, लग्न कोणाचं? "कोनाचंच नाई," त्या म्हणाल्या. "मले मांडव बांधनं शिकवा." चाळीस वर्षांत लोकांनी मला भाव विचारला होता, मांडव कसा बांधतात हे कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली.

त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली होती. आत पलंग, ओटा, पंखा, सगळं बसवून घेतलं होतं. देश पाहायचा होता. नवरा गेलेला, पोरगा पुण्यात. जन्मभर दुसऱ्यांच्या खाटेशी उभी राहिले, आता आपल्या खाटेवर बसून नदी पाहते, असं त्या म्हणत. गाडीच्या बाजूला लावायचं एक हलकं छतही मागवलं होतं. टपाच्या कडेला ॲल्युमिनियमची खाच, कापडाच्या काठात शिवलेली दोरी त्या खाचेत सरकवायची, पुढून दोन नळ्यांवर उचलायचं आणि दोऱ्या खुंट्यांना बांधायच्या. सगळं मिळून एका बगलेत मावेल एवढं. मी ते हातात घेतलं आणि हसलो. याला मांडव म्हणतात? मच्छरदाणी आहे ही.

पोरानं अट घातली होती. "आई, मी आलो की माझ्यासमोर तू एकटीनं हे उभं कर. झालं तर जा. नाई झालं तर गाडी विकून टाकू." पोरगा वाईट नव्हता. आई एकटी कुठंतरी माळावर अडकेल, ही त्याची धास्ती होती. त्याला यायला पंधरा दिवस होते.

पहिल्या दिवशी सिस्टरच्या अंगणात मी माझ्या पद्धतीनं बांधलं. आमच्या धंद्यात कापड ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. मी दोरीला गुडघा लावून ओढली. खाचेतून कापड सर्रकन बाहेर आलं आणि एक नळी धनुष्यासारखी वाकली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, इतकं ताणून काऊन राह्यले? सलाईनची नळी अशी ओढली तर सुई बाहेर येते." मी म्हणालो, तुमचा मालच हलका आहे. आणि घरी निघून आलो. दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण माझा हातोडा तिथं राहिला होता.

तोवर त्यांनी छतासोबत आलेला माहितीचा कागद वाचून स्वतःच छत उभं केलं होतं. पण खुंट्या स्वेटर विणायच्या सुयांसारख्या बारीक. आमच्या काळ्या मातीला तेव्हा भेगा पडू लागल्या होत्या. मी नुसता हात लावला आणि खुंटी मुळ्यासारखी उपटून त्यांच्या हातात दिली. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या हातभर खुंट्या तासून नेल्या. भेगेपासून वीतभर दूर, जमीन जरा ओली करून, गाडीकडं पाय आणि बाहेर डोकं अशा तिरप्या ठोकून दाखवल्या. सिस्टरनी कागदाच्या खाली पेनानं ते सगळं लिहिलं. "कागदात नव्हतं," म्हणाल्या, "आता आहे."

मग पाण्याची परीक्षा घ्यायचं त्यांच्या मनात आलं. शिडीवर चढून त्यांनी छतावर चार बादल्या ओतल्या. मधोमध म्हशीच्या पोटासारखी फुगी आली. आम्ही लग्नात अशा वेळी खालून बांबू मारतो. मी मारला. सगळं पाणी शिडीवरून उतरणाऱ्या सिस्टरच्या डोक्यावर. मला वाटलं आता बोलतील. त्या भिंतीला टेकून इतक्या हसल्या की शेजारची बाई बाहेर आली. पदर पिळत म्हणाल्या, "भाऊ, पानी साचू देऊन मंग काढायचं, असं काऊन?" एका कोपऱ्याची नळी चार बोटं खाली सरकवली. पुढच्या चार बादल्या त्या कोपऱ्यातून शेपटीसारख्या निघून गेल्या. चाळीस वर्षं मी वऱ्हाडी भिजवत आलो होतो.

पोरगा आला. त्यानं मला खाटेवर बसवलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. सिस्टरनी चादर अंथरली, सामान मोजलं. कापड खाचेत सरकवू लागल्या, तर ते अर्ध्यावर अडकलं. ओढलं, हलेना. पोरानं घड्याळ पाहिलं नाही, पण मान खाली घातली. "आई, राहू दे न," तो म्हणाला. मला कारण दिसत होतं, खाचेत धूळ बसली होती. पण बोलायचं नव्हतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

सिस्टर थांबल्या. कापड पूर्ण मागं घेतलं. खाच ओल्या फडक्यानं पुसली. मग मोरीतून कपड्याचा साबण आणून काठाच्या दोरीवर घासला. हे मी शिकवलं नव्हतं, कागदातही नव्हतं. दोरी लोण्यातून गेल्यासारखी गेली. नळ्या उभ्या केल्या, खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बेतानं ओढल्या. मला उठून एक पीळ द्यावासा वाटत होता. तेवढ्यात शेताकडून वाऱ्याचा लोट आला. छत वर उचललं, श्वास घेतल्यासारखं खाली बसलं, आणि पुन्हा उचललं. एकही खुंटी हलली नाही.

पोरगा छताखाली येऊन बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "आई, खुर्ची एकच घेतली का? मी आलो तर कुठं बसू?"

सिस्टर आत चहा करायला गेल्या आणि चहाला फार वेळ लागला.

चार दिवसांनी त्या निघाल्या. माझ्या दारात गाडी थांबवून जयभीम केला, मी रामराम केला. पहिल्या महिन्यात रोज फोन. "भाऊ, इथं रेती आहे, खुंटी धरत नाई." मी सांगायचो, पोत्यात रेती भरा, दोरी बांधा, पोतं पुरा. पुढं आठवड्यातून एक, मग सणासुदीला. बायको म्हणाली, "इसरल्या तुमाले." मी म्हणालो, अडत नाही त्यांचं आता कुठं. म्हणालो खरं, पण त्या दिवशी जेवण कमी गेलं.

मागच्या दिवाळीला फोन आला. कुठल्यातरी समुद्राच्या काठी होत्या. तब्येत विचारली आणि मधेच म्हणाल्या, "थांबा भाऊ, शेजारच्या गाडीवाल्याचं छत उडून राह्यलं, आलेच मी." फोन ठेवायला विसरल्या. वारा ऐकू येत होता, आणि सिस्टर कोणा नवराबायकोला हिंदीत हुकूम देत होत्या, तुम ये पकडो, तुम उधर जाओ, और सब लोग हँसना बंद करो. हसत त्याच होत्या.

बायकोनं विचारलं, कोण आहे फोनवर, काही बोलून नाही राह्यले? मी हातानं तिला गप्प केलं. म्हणालो, थांब, काम सुरू आहे.