सान रोक्कू कलला तेव्हा

हाल-तुता गावात आडनावाला कोणी विचारत नाही. आडनाव बँकेत लागतं आणि थडग्यावर लागतं. एरवी घराघराला टोपणनाव असतं, आणि ते कुणातरी पणजोबाच्या फजितीवरून पडलेलं असतं. एक घर 'शेळीचोरांचं', एक 'दोनदा मेलेल्याचं'. त्या बिचाऱ्या पणजोबांनी पुढे आयुष्यभर शेळीकडे ढुंकूनही पाहिलं नसेल, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. विस्तिन पाववाल्याच्या घराण्याचं नाव मात्र चारचौघांत सांगण्यासारखं होतं. ते 'पुढचे डावे'. ऑगस्टात गावच्या संताची, सान रोक्कूची, मूर्ती मिरवणुकीला निघते तेव्हा आठ जण खांदा देतात. त्यात पुढची डावी जागा आधी विस्तिनच्या आज्याची होती, मग बापाची, आणि आता त्याची.

विस्तिनचा मूळ धंदा पावाचा. सकाळी त्याची व्हॅन गल्लीत शिरून भोंगा वाजवायची, की वरच्या बाल्कन्यांतून दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली यायच्या आणि टोपल्यांच्या आधी बायकांचे आवाज यायचे. विस्तिन काल करपलेला दिलास. विस्तिन त्या समोरच्या बाईला मोठा का दिलास. विस्तिन हसत हसत पाव टाकायचा आणि एकेकीला एकेक टोला द्यायचा. या धंद्यात मान सतत वर करावी लागते. त्यामुळे आपण माणूस म्हणून बुटके होत चाललोय हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

लक्षात आणून दिलं बायकोनं. विस्तिनची पँट आखूड करून देताना दोलोर म्हणाली, "ही गेल्या वर्षी बरोबर होती. कापड वाढत नाही बाबा. तू कमी होतोयस."

"धुऊन लांबली असेल."

"धुऊन कापड आटतं. आटलायस तू."

बायको अशी स्पष्ट असली की माणसाला खोटं बोलायला घरात जागा उरत नाही. विस्तिननं विषय बदलला, पण मनात किडा शिरला तो शिरलाच. कारण गेल्या ऑगस्टात सान रोक्कू डावीकडे कलला होता. फार नाही. पण संताच्या पायाशी त्याचा कुत्रा बसलेला असतो, तोंडात पाव धरून, आणि तो लाकडी कुत्रा सबंध मिरवणूकभर घसरून विस्तिनच्या डोक्यावर येईल असा दिसत होता. बाल्कनीतल्या बायकांना अशा गोष्टी फार लवकर दिसतात.

खांदेकऱ्यांचा म्होरक्या होता ग्रेत्स्यू. धंद्यानं गवंडी, स्वभावानं जमादार. मिरवणूक संपल्यावर त्यानं बँड क्लबात सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "यंदा मी कुणाचं नाव घेत नाही. पण पुढच्या वर्षी मूर्तीखालच्या चौरंगावर माझी गवंडीकामाची पाणसळ ठेवणार. बुडबुडा मध्ये नसला, तर ज्या बाजूला संत खाली, त्या बाजूचा पुढचा माणूस तिथल्या तिथे बाहेर. रस्त्यात. त्यानं बेचकी घ्यायची."

बेचकी म्हणजे काय ते सांगायला हवं. मूर्ती वाटेत थांबते तेव्हा दांड्यांखाली लाकडी बेचक्यांचा टेकू देतात, म्हणजे खांदेकऱ्यांना घाम पुसता येतो. त्या बेचक्या घेऊन बाजूनं चालायचं काम म्हाताऱ्यांकडे असतं. ज्याच्या हातात बेचकी आली त्याला गाव लगेच 'आजोबा' म्हणायला लागतं. विस्तिनला मुलीच तीन, तिघी लग्न होऊन मेलबर्नला. त्यानं जागा सोडली की 'पुढचे डावे' हे नाव नुसतं हसण्यापुरतं उरणार होतं. तशी माणसं गावात आहेत. एका घराला 'घोडेवाले' म्हणतात आणि त्यांच्याकडे मांजर आहे.

आता बुटाच्या आत काही घालून उंची वाढवायची, तर त्यासाठी गावात सगळ्यात योग्य माणूस एकच होता, आणि नेमकं त्याच्याकडेच जाता येत नव्हतं. काल्चिदोन चांभार. तो 'पुढचा उजवा'. विस्तिन आणि काल्चिदोन एका वर्गात शिकले, एका बाकावर मार खाल्ला, आणि पंचवीस वर्षं एकाच चौरंगाखाली दोन टोकांना चालले. एरवी दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. फुटबॉलमध्ये विस्तिन इंग्लंडवाला, काल्चिदोन इटलीवाला. इटली जिंकली की काल्चिदोन झेंडा लावून विस्तिनच्या दारावरून हॉर्न वाजवत सात चकरा मारायचा. इंग्लंड फारसं जिंकत नसल्यामुळे विस्तिनला परतफेडीची संधी क्वचितच मिळायची.

"काय रे पाववाल्या," ऑगस्टाच्या सुरुवातीला काल्चिदोन दुकानाच्या दारातून म्हणाला, "यंदा पाणसळ आहे म्हणे."

"तुझ्यासाठीच आणलीय. तुझा उजवा पाय लहानपणापासून वाकडा."

"माझ्या पायाचं सोड. तू पाव खातोस की नुसते विकतोस? दिवसेंदिवस व्हॅनच्या खिडकीतून तुझं डोकं कमी दिसायला लागलंय."

विस्तिननं जोरात भोंगा वाजवला आणि निघून गेला. म्हणजे यालाही दिसलं होतं. आता हा गावभर डांगोरा पिटणार, हे त्यानं गृहीतच धरलं.

त्याच दुपारी गाव झोपलेलं असताना विस्तिननं व्हॅनमधलं पायाखालचं रबरी मॅट बाहेर काढलं, त्यावर पाय ठेवून खडूनं रेघ मारली आणि पाव कापायच्या सुरीनं दोन तळवे कापले. मग वाटलं एक थर कमी पडेल, म्हणून आणखी दोन कापले. बुटात घालून उभा राहिला तर पाय जरा आवळले जात होते, पण कपाटाच्या वरची धूळ दिसत होती. ती धूळ पाहून त्याला जो आनंद झाला तो दोलोरला कधी झाला नसता.

दोलोरला दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये मॅट दिसलं. मॅटच्या मधोमध पायांच्या आकाराची चार भोकं.

"हे उंदरांनी केलं असेल," विस्तिन म्हणाला.

"हो. बूट घालणाऱ्या उंदरांनी." तिनं मॅट झटकून परत ठेवलं. "पडशील हं विस्तिन. सान रोक्कूला घेऊन पडशील आणि मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही."

सणाच्या दिवशी सकाळी आठला तोफा सुटल्या, कुत्री पलंगाखाली गेली, बायकांनी बाल्कनीतून लाल मखमल सोडली. संध्याकाळी उन्हं कलल्यावर आठही जण पांढरे झगे आणि लाल पट्टे घालून चर्चमध्ये जमले. ग्रेत्स्यूनं चौरंगाच्या पुढच्या कडेला पाणसळ चिकटपट्टीनं पक्की केली आणि चष्मा लावला. विस्तिननं डाव्या दांडीखाली खांदा दिला. पलीकडे उजव्या दांडीखाली काल्चिदोन होता. आज त्यानं विस्तिनकडे बघून एकही टोमणा मारला नाही. विस्तिनला वाटलं, चर्चमध्ये आहोत म्हणून असेल.

"उचला," ग्रेत्स्यू म्हणाला.

सान रोक्कू दारातून बाहेर आला, बँड सुरू झाला, वरून कागदाचे तुकडे बर्फासारखे पडायला लागले, आणि संत उजवीकडे कलला. थोडाथोडका नाही. गेल्या वर्षी कुत्रा घसरतोय असं वाटत होतं, या वर्षी संत स्वतःच काल्चिदोनच्या कानात काहीतरी सांगायला वाकलाय असं दिसत होतं. बाल्कन्यांमधून आधी कुजबुज आली, मग हसू आलं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "सान रोक्कूनं सकाळपासून घेतलीय वाटतं."

विस्तिनला सगळं कळत होतं. आपण दोन थर घातले ते जास्त झाले. तरीही त्याला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. उजवी बाजू खाली. म्हणजे काल्चिदोन जाणार, आपण राहणार. इतक्या वर्षांच्या हॉर्नचा आणि झेंड्यांचा हिशेब चुकता होणार. हा विचार त्याला बँड क्लबापर्यंत पुरला.

क्लबासमोर ग्रेत्स्यूनं हात वर केला. बँड थांबला. बेचक्या दांड्यांखाली लागल्या. ग्रेत्स्यू पाणसळीवर वाकला, बराच वेळ वाकून राहिला आणि मग सरळ झाला.

"बुडबुडा पार डाव्या टोकाला गेलाय. उजवी बाजू खाली. काल्चिदोन, बोललो होतो मी. ये बाहेर."

गावाला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडेल. काल्चिदोनची जीभ गावात सगळ्यात तिखट. पण काल्चिदोन नुसता स्वतःच्या पायांकडे बघायला लागला. तो गोंधळलेला दिसत होता, हिशेब कुठे चुकला ते शोधणाऱ्या माणसासारखा. मग त्याची नजर सावकाश विस्तिनच्या बुटांवर गेली. चांभाराची नजर ती. बुटाच्या वर सुजल्यासारखी आलेली पावलं, ताणलेल्या नाड्या, सगळं तिनं एका दमात वाचलं. आणि काल्चिदोन हसला. नुसता ओठांच्या कोपऱ्यात हसला आणि बेचकी घ्यायला पुढे झाला.

तो चालला तेव्हा विस्तिनला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काल्चिदोनच्या टाचांना लोखंडी नाल असायचे. तो गल्लीत शिरला की टक टक ऐकू यायचं. पोरीबाळींनी वळून बघावं म्हणून तरुणपणी ठोकलेले नाल, पुढे सवय म्हणून राहिलेले. आज टक टक नव्हती. विस्तिननं खाली पाहिलं. काल्चिदोनच्या बुटांना टाचाच नव्हत्या. मुळापासून कापून, घासून, काळा रंग देऊन साफ केल्या होत्या. इतकं सुबक काम गावात दुसरा कोणी करणार नाही.

म्हणजे यानं स्वतःला विस्तिनएवढं बुटकं करून घेतलं होतं. पाणसळीचा बुडबुडा मध्ये राहावा म्हणून. आणि आता सगळ्या गावासमोर बेचकी घ्यायला निघाला होता. एक शब्द बोलला असता तर सुटला असता, पण तो शब्द बोलला असता तर विस्तिन अडकला असता.

 मघाचा सगळा आनंद विस्तिनला आता स्वतःच्या तोंडावर थुंकल्यासारखा वाटला. तो दांडीखालून बाहेर आला, क्लबाच्या पायरीवर बसला आणि नाड्या सोडायला लागला.

"अरे आता तुला काय झालं?" ग्रेत्स्यू ओरडला. "मिरवणूक आहे ही, समुद्रकिनारा नाही."

विस्तिननं उजव्या बुटातून एक रबरी तळवा काढून पायरीवर ठेवला. मग दुसरा. मग डाव्या बुटातून दोन. गर्दी अशी हसली की ट्रॉम्बोनवाल्याला वाद्य खाली ठेवावं लागलं. वरच्या बाल्कनीतून दोलोरचा आवाज आला, "उंदीर सापडला."

"ग्रेत्स्यू," विस्तिन अनवाणी उभा राहून म्हणाला, "आटलोय मी. गेल्या वर्षीही मीच होतो. हा काल्चिदोन जेवढा होता तेवढाच आहे. यानं माझ्यासाठी टाचा कापल्या. त्याचे बूट बघ."

गर्दीचं हसू ओसरलं. ग्रेत्स्यूनं वाकून बूट पाहिले. बेचकी हातात घेतलेला काल्चिदोन पाय झग्याच्या आत ओढून घ्यायला बघत होता, चोरी पकडलेल्या माणसासारखा.

"कोणी सांगितलं होतं तुला?" विस्तिननं त्याला विचारलं.

"तू रे कोण मोठा. तुझ्यासाठी नाही कापल्या. टाचा झिजल्या होत्या."

"चारी बाजूंनी सारख्या झिजल्या?"

"गाढवा," काल्चिदोन हळू म्हणाला, "पंचवीस वर्षं पलीकडे तुझं थोबाड बघत चाललोय. आता तिथं दुसरा कुणी असला तर माझं पाऊल चुकेल. मला सांगायला काय झालं होतं तुला? फेल्टचे तळवे घालून दिले असते, कुणाला दिसले नसते."

"तू गावभर केलं असतंस."

"केलं असतं," काल्चिदोननं कबूल केलं. "पण सणानंतर."

विस्तिननं त्याच्या हातातली बेचकी काढून घेतली. "दे इकडे. ही माझी. तू जा तुझ्या जागेवर. नव्या टाचा ठोकल्यास की पुढच्या वर्षी बुडबुडा बरोबर राहील."

ग्रेत्स्यूचे दोन पुतणे कित्येक वर्षं जागेसाठी टपून होते. दोघेही सारख्या उंचीचे, दोघेही खांद्यानं दार उघडणारे. त्यातला एक लगेच डाव्या दांडीखाली शिरला. काल्चिदोन उजव्या दांडीपाशी गेला, खांदा लावला, डावीकडे पाहिलं. पोरानं त्याला नम्रपणे मान लववली. काल्चिदोननं खांदा काढून घेतला आणि दुसऱ्या पुतण्याला बोटानं खुणावलं.

"ग्रेत्स्यू, घे तुझं सबंध खानदान," तो म्हणाला. "दुसरी बेचकी आण."

"तुला कोणी काढलेलं नाही," ग्रेत्स्यू म्हणाला.

"मला माहीत आहे."

मूर्ती उचलली गेली. सान रोक्कू ताठ उभा राहिला, कुत्रा ताठ बसला, बुडबुडा मधोमध आला आणि ग्रेत्स्यूच्या जिवात जीव आला. खाली दोन म्हातारे बेचक्या घेऊन दोन्ही बाजूंनी चालायला लागले, एक अनवाणी आणि एक बिनटाचांचा. डांबर अजून तापलेलं होतं, त्यामुळे विस्तिन कागदाचे तुकडे जिथे दाट पडले होते तिथून पाय टाकत होता. कोणीतरी पोरगं म्हणालं, "आजोबा, पाय भाजतायत का?" आणि विस्तिनला त्या शब्दाचा जेवढा राग येईल असं वाटलं होतं तेवढा आला नाही.

पुढच्या चौकात मिरवणूक थांबली. दोघांनी एकाच वेळी दांड्यांच्या पुढच्या टोकांखाली बेचक्या लावल्या, मागे नेहमीच्या म्हाताऱ्यांनी. आठही जणांनी खांदे काढून घेतले, रुमाल काढले, पाणी मागवलं. सगळा भार लाकडातून उतरून विस्तिनच्या तळहातांत आला. त्यानं दात आवळले. चौरंगाखालून पलीकडे पाहिलं तर काल्चिदोनही लालबुंद होऊन बेचकी धरून उभा होता.

"काय रे," काल्चिदोन दातांतून म्हणाला, "हे कुणी सांगितलं नव्हतं आपल्याला. ती आठ माणसं नुसती चालवतात. उभा तर हा आपल्यावर आहे."

विस्तिनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बाल्कनीतल्या बायका बघत होत्या. बघू देत, असं तो मनात म्हणाला, आणि बेचकी आणखी घट्ट धरली.