भर गल्लीत दिलेला कोट

शिवणमावशीच्या नाकावर राग कायम बसलेला असायचा, आणि खरं सांगायचं तर त्यानं उठून जावं असं कुणी वागतही नव्हतं. थंडी सुरू झाली की मंडळीतले लोक गरिबांसाठी जुने गरम कपडे चर्चमध्ये आणून टाकत. कसले कपडे? कोपरं फाटलेली, अस्तर लोंबणारं, आणि वर बटणं कापून घेतलेली. बटणं घरात ठेवून कोट देवाला! मावशी मागच्या खोलीत बसून ते सगळं नीट करायची आणि तिचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. पाळकसाहेबसुद्धा त्या खोलीवरून जाताना पाय न वाजवता जात.

पण तिचा खरा राग होता कार्यवाहांवर. त्यांना मंडळीत सगळे माघारी फोटोकाका म्हणत. त्यांनीच ती पद्धत पाडली होती. उपासना संपली की गरजूंना एकेक करून पुढे बोलवायचं, सगळ्यांसमोर कोट अंगावर चढवायचा, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा आणि तो दाराजवळच्या फळ्यावर वर्षभर लावून ठेवायचा. देणाऱ्यांना त्यानं हुरूप येतो म्हणे. घेणाऱ्याला काय वाटतं, हे त्या मेल्यांनी कधी विचारलं होतं का?

यंदा लॉन्ड्रीवालीचं नाव निघालं. ती मंडळीतलीच, शेवटच्या बाकावर बसणारी. नवरा गेल्यापासून दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरी धूत होती. पहाटेच्या गारठ्यात पातळ स्वेटरवर कामाला जायची आणि खोकल्यानं तिच्या छातीत घरच केलं होतं. छाती ऊबदार ठेव, नाहीतर काम सोड, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काम सोडून खायचं काय? मावशीनं तिच्यासाठी एक जाड लोकरीचा कोट बाजूला काढला, बाह्या तिच्या मापाच्या केल्या, आतून दुहेरी अस्तर लावलं. आणि ऐन वेळी बाईनं निरोप पाठवला की मी पुढे येणार नाही. फोटोकाका म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. पुढे यायचं नसेल तर तिला गरज नाही असं समजू.

झालं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रभूनं दान गुपचूप करायला सांगितलं आणि तुम्ही त्याची वरात काढता, असं तिनं त्यांना मंडळीच्या सगळ्या पंचांच्या देखत सुनावलं. काका म्हणाले, नियम म्हणजे नियम. तेव्हा मावशीनं कोट काखोटीला मारला आणि ती तडक बाहेर पडली.

चालता चालता राग उतरावा, तर हिचा उलट चढत गेला. लॉन्ड्रीवालीच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं, बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. मावशीनं दार ठोठावलं आणि तिथेच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ही बाई खोकून खोकून मरायला टेकली तरी त्या निर्लज्जांना फोटो हवेत. हिच्या अंगावर धड स्वेटर नाही हे कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही का? घे गं बाई, मी आणलाय तुला कोट, बघू कोण काय करतं! समोरच्या खिडक्या उघडल्या. नळावर कुणीतरी च्च च्च केलं.

लॉन्ड्रीवालीनं मावशीला हाताला धरून आत घेतलं आणि दार लावलं. कोटाची नीट घडी केली आणि तो मावशीच्या मांडीवर ठेवला.

“हा परत न्या, मावशी.”

मावशी उसळली. एवढं भांडून आणला त्याची ही किंमत? मरायचंय का तुला, असं तिनं विचारलंही.

“चर्चमधली माणसं मला आठवड्यातून एकदा भेटतात,” लॉन्ड्रीवाली म्हणाली. “या गल्लीत मला रोज पाणी भरायचंय.”

राग कुणावर तरी काढावा म्हणून मावशीनं इकडेतिकडे पाहिलं, पण खोलीत तिसरं कुणी नव्हतंच. फोटोकाकांनी दहा वर्षं केलं ते आपण दोन मिनिटांत करून बसलो, आणि तेही फुकट, या विचारानं तिच्या अंगाची लाही लाही झाली. शेवटी ती अगदी हळू म्हणाली, “चुकलं माझं. माफ कर.”

लॉन्ड्रीवालीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, “लाज भर गल्लीत काढलीत. माफी मात्र दार लावून मागताय.”

मावशी उठली. कोट खुर्चीवर ठेवून तिनं दार सताड उघडलं. बायका अजून नळावरच होत्या. मावशीनं घसा खाकरला.

“हिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. “मीच येऊन हिची अब्रू चव्हाट्यावर मांडली. चुकले मी.”

एक बादली भरून वाहू लागली तरी ती कुणी उचलली नाही. मावशीनं मान खाली घातली आणि निघायला पायरीवर पाऊल टाकलं, तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला. तिनं वळून पाहिलं. लॉन्ड्रीवाली कोटाच्या बाहीत हात घालत होती.

“आत या,” ती म्हणाली. “दार राहू दे उघडंच.”